होलिस वॉडलिंग्टनने निवडलेली स्टेनगन

होलिस वॉडलिंग्टन नदीवरून कायमचा घरी आला, तेव्हा त्याची बायको अर्लीन हिने पडवीत दोन झुलत्या खुर्च्या आणून ठेवल्या. एक तिच्यासाठी, एक त्याच्यासाठी. वर्ष उलटलं तरी त्याच्या खुर्चीची गादी कोरीच्या कोरी होती. जन्मभर हा माणूस ओहायो नदीवर मालाचे सपाट बार्ज ढकलणाऱ्या बोटींच्या इंजिनघरात राबला. महिनाभर पाण्यावर, महिनाभर घरी. पाण्यावर असला की घराची ओढ लागायची, आणि घरी आला की चार दिवसांत नदीकडच्या खिडकीशी घुटमळायला लागायचा. आता परत जायला बोटच उरली नव्हती, म्हणून तो घरातल्या घरात फेऱ्या मारायचा. न बिघडलेलं पाण्याचं यंत्र उघडायचा, कुंपणाचे खांब उपटून हातभर सरकवून पुन्हा रोवायचा.

अदलाबदलीची त्याची सवय तर साऱ्या स्मिथलंड गावाला माहीत होती. ट्रक, मासे मारायच्या होड्या, शिकारी कुत्रे, एकदा तर चांगला चालता ट्रॅक्टर, काहीच त्याच्याकडे फार दिवस टिकलं नाही. होलिसकडची एखादी वस्तू आवडली तर मागू नका, थोडं थांबा, तो स्वतःच ती घेऊन तुमच्या दारात येईल, असं लोक पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी बसून म्हणायचे. तो समोर असला तरी म्हणायचे, आणि तोही हसायचा.

अलीकडे मात्र त्याच्या धडपडीला आणखी एक कारण झालं होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा उजवा हात मोकळा राहिला की आपोआप हलायला लागायचा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासायची, चिमटीत तंबाखू मळावी तसं. हातात पाना घेतला, कप घेतला, ट्रकचं स्टिअरिंग धरलं की हात गप्प. म्हणून हात रिकामा राहू द्यायचा नाही एवढंच त्याने ठरवून टाकलं. चर्चमध्ये तो भजनाचं पुस्तक घट्ट धरून बसायचा, जेवताना काटा खाली ठेवायचा नाही. अर्लीनला वाटायचं, स्वभावच आहे, वयाबरोबर वाढतोय.

शरद ऋतूत डॉइल रॅमेजने आपल्या शेतावरच्या जुन्या दगडखाणीत बंदुकांचा मेळा भरवला. डॉइल हा होलिसचा शाळेपासूनचा दोस्त. सेलम गावाजवळ त्याचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं, आणि वर्षातून एकदा आसपासचे शौकीन लोक आपापल्या जुन्या मशीनगन घेऊन त्याच्या खाणीत जमायचे. बायकापोरं, डुकराच्या मांसाचे बार्बेक्यू सँडविच, गोड चहाची पिंपं, कानांवर आवाज अडवणारी टोपणं, असा सगळा जत्रेचा थाट. होलिस दरवर्षी जायचा, पण हरणाच्या शिकारीची रायफल सोडली तर त्याला या प्रकारात फारसा रस नव्हता. त्या दिवशी कुणीतरी त्याच्या हातात एक छोटी सबमशीनगन दिली आणि म्हणालं, बघ जरा चालवून.

त्याने ती खांद्याला लावली, चाप दाबला, आणि समोरच्या लोखंडी पत्र्यावर टण टण टण असा आवाज उठला. मॅगझिनमधल्या गोळ्या संपल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या वेळात आपल्या डोक्यात काहीही आलेलं नाही. ना नदी, ना घर, ना हात. बंदूक परत देताना त्याने हाताकडे पाहिलं. हात दगडासारखा स्थिर होता. हात घाईघाईने खिशात घालून तो डॉइलकडे गेला आणि म्हणाला, "मला अशी एक पाहिजे. ठेवायला."

डॉइलने सँडविच चावता चावता त्याच्याकडे पाहिलं. "ठेवायला? तू?"

"माझ्यानंतर पोरीला, ट्वायलाला राहील अशी."

डॉइल हसला नाही. त्याने तोंड पुसलं आणि घाई करू नकोस म्हणून सांगितलं. अशा बंदुका नव्याने लोकांच्या हाती येत नाहीत. शहाऐंशी सालापर्यंत ज्यांची सरकारदरबारी नोंद झाली तेवढ्याच फिरतात, या घरातून त्या घरात. चुकीची घेतलीस तर पोरीच्या गळ्यात लोढणं बांधून जाशील.

घरी अर्लीनला सांगितल्यावर ती भांडली नाही. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. "होलिस, तू या जन्मात एक वस्तू धड ठेवली असशील तर ती म्हणजे मी," ती म्हणाली. "आणि तीसुद्धा कुणी बदलून मागितली नाही म्हणून."

त्या हिवाळ्यात होलिस बंदुका बघत फिरला. सकाळी अंधार फिटायच्या आत उठायचा, थर्मासमध्ये कॉफी भरायचा आणि ट्रक काढायचा. पहिल्यांदा प्रिन्स्टन गावी दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे थॉम्प्सन बंदूक बघितली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, तेलाने चमकणारं काळं पोलाद, बघत राहावं अशी. डॉक्टरसाहेबांनी पांढरे हातमोजे घालून ती पेटीतून काढली, आणि होलिसने हात लावल्यावर त्याच्या बोटांचे ठसे फडक्याने टिपून घेतले. होलिसने विचारलं, ही चालवता का कधी? डॉक्टर दचकलेच. त्यांनी ती घेतल्यापासून एक गोळीही झाडली नव्हती. शिवाय ती भलतीच जड होती. थोडा वेळ खांद्याला धरून ठेवली तर होलिसचा दंड भरून आला. परतताना वाटेत त्याला सारखं वाटत होतं की घ्यावी, आणि घराच्या फाटकापाशी पोचला तेव्हा नको वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावीशी वाटली. अर्लीनने त्याला फोनपाशी उभा पाहिला आणि फोन उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला.

मग टेनेसीच्या हद्दीपलीकडे एक डबीसारखी आखूड मॅक बंदूक पाहिली. तिचा मालक तरुण आणि बोलघेवडा होता. चाप दाबला की शिंक यावी तसं सगळं मॅगझिन एका दमात रिकामं. तो पोरगा खिदळला, होलिस नाही. त्याला हवी होती ती शांतता त्यात सापडायच्या आतच बंदूक संपत होती.

रायझिंग नावाची एक मात्र त्याच्या मनात भरली. हलकी, लांब लाकडी दस्त्याची, शिकारी रायफलीच्या जातीची. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनी वापरलेली होती, दस्त्यावर घासून घासून गुळगुळीत झालेली जागा होती. तो शब्द देऊनच आला असता, पण डॉइल सोबत आला होता. डॉइलने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हिचे भाग त्या काळी एकेका बंदुकीला हाताने घासून बसवलेले आहेत. एक तुटला तर दुसरीचा तसाच्या तसा बसेलच असं नाही. तुझ्या हयातीत तू कानस घेऊन बसशील, पण ट्वायलाने काय करायचं?

होलिसने रायझिंग परत केली. यापूर्वी कुठलीही वस्तू घेताना ती पुढे कुणाकडे जाईल आणि त्या माणसाला तिची काय कटकट होईल, हा विचार त्याने केलाच नव्हता. घेताना त्याच्या मनात फक्त पुढची अदलाबदल असायची.

मार्चमध्ये, नदीला पूर येऊन ओसरला त्या सुमारास, डॉइलकडे एक स्टेनगन विकायला आली. एका कारागिराने शहाऐंशीच्या आधी जुन्या भागांना नवी नळी लावून घडवलेली, नोंद व्यवस्थित केलेली. दिसायला अगदीच गबाळी. लोखंडी नळी, तिला डाव्या अंगाला आडवं मॅगझिन, मागे वाकवलेल्या पाइपचा दस्ता. दुकानात बसलेला एक जण म्हणाला, हे काय, मोरीतलं काढून आणलं का? डॉइलने जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि होलिसला म्हणाला, उघड. यापूर्वी होलिसने असली बंदूक कधी हातात धरली नव्हती. पण स्प्रिंग निघाली, बोल्ट निघाला, सगळं पाच-सहा तुकड्यांत कागदावर आलं, आणि कुठला तुकडा कशासाठी हे त्याला विचारावं लागलं नाही. इंजिनघरात त्याने आयुष्यभर असंच लोखंड हाताळलं होतं. डॉइलने सांगितलं, सुटे भाग पोत्याने मिळतात, ही बाहेरची नळी तेवढी जप, कारण सरकारी नोंद तिचीच आहे.

खाणीत जाऊन त्याने ती चालवली. सावकाश, ठाय लयीत चालणारी बंदूक होती. चाप हलका दाबून सोडला की एकच गोळी सुटायची. त्याने मॅगझिन संपवलं, पुन्हा भरलं, पुन्हा संपवलं.

"ही," तो म्हणाला.

आता ट्वायलाला विचारायचं होतं. ट्वायला ही त्यांची एकुलती एक मुलगी. मरे नावाच्या गावात दवाखान्यात व्यायामोपचार करायची. पडलेल्या, मोडलेल्या, लकवा झालेल्या माणसांना पुन्हा चालायला लावणं हे तिचं काम. वडिलांशी तिचं भांडण नव्हतं, पण तसं बोलणंही नव्हतं. तिच्या लहानपणी तो निम्मा काळ नदीवर होता आणि उरलेल्या निम्म्या काळात त्याचं चित्त नदीवर होतं. तिचा आवडता कुत्रा, डफी नावाचा, त्याने एका होडीच्या इंजिनाच्या बदल्यात देऊन टाकला होता. ती शाळेतून आली तेव्हा कुत्र्याच्या जागी इंजिन होतं. ते ती विसरली नव्हती.

रविवारी जेवायला आली तेव्हा त्याने विषय काढला. बंदूक कुटुंबाच्या ट्रस्टच्या नावावर घेऊ; त्यात तुझं नाव राहील; म्हणजे माझ्यामागे ती सरळ तुझी. तुझा फोटो आणि बोटांचे ठसे सरकारला पाठवावे लागतील, बाकी काही नाही. ट्वायलाने मक्याच्या पावाला लोणी लावणं थांबवलं नाही.

"डॅडी, मला तू कधी सायकल घेऊन दिली नाहीस. आणि आता मशीनगन देतोस?"

"सायकल दिली होती."

"दिली होतीस. आणि पुढच्या सुट्टीत बदलून टाकलीस. हीसुद्धा तू वर्षभरात विकशील. मी कशाला बोटं काळी करू?"

होलिस उठून खिडकीपाशी गेला. मग परत येऊन बसला, पुन्हा उठला. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या सहीशिवाय विकता येणार नाही असं लिहून घेऊ. वकिलाला विचारलंय मी. विकायची, बदलायची, कुणाला द्यायची, काहीही करायचं तर तुझी सही लागेल. माझी एकट्याची चालणार नाही."

ट्वायलाने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. हे त्याने स्वतःहून केलंय यावर तिचा विश्वास बसेना. तिने आईकडे पाहिलं. अर्लीनने खांदे उडवले. तिलाही हे नवीन होतं.

ठसे द्यायला ती दोघं एका गुरुवारी शेरीफच्या कचेरीत गेली. आधी कुणाचं तरी काम चालू होतं, म्हणून बाकावर बसावं लागलं. शिपायाने होलिसला टोपी खुंटीला लावायला सांगितली, आणि त्यामुळे त्याच्या हातात धरायला काही उरलं नाही. ट्वायला शेजारी फोनवर काहीतरी बघत होती. ठसे घेणाऱ्या बाईने होलिसला हाक मारली, त्याचा हात धरून काचेवर बोटं दाबली, हात एकदम गप्प राहिला, आणि ती म्हणाली, छान, असे ठसे फार कमी लोकांचे येतात. होलिसला हायसं वाटलं. मग ट्वायलाने बोटं दिली, आणि दोघं बाहेर येऊन ट्रकमध्ये बसली.

त्याने किल्ली फिरवायला हात पुढे केला तेव्हा ट्वायलाने किल्ली काढून घेतली.

"हात मांडीवर ठेव, डॅडी."

"कशाला?"

"ठेव म्हटलं ना. आणि काही करू नकोस."

त्याने ठेवला. थोडा वेळ काही झालं नाही, आणि मग अंगठा हलायला लागला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"कधीपासून आहे हे?"

"टर्कीच्या शिकारीचे दिवस होते तेव्हापासून. गेल्या वर्षीच्या." मग तो म्हणाला, "बंदूक धरली की जातं. बघ, काहीही धरलं की जातं."

"मला माहीत आहे ते जातं ते," ट्वायला म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता. "मी अशी माणसं रोज बघते. आईला माहीत आहे?"

त्याने समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. तेवढं तिला पुरलं. तिने सांगितलं, आधी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं, मग मी सही करेन, आणि किल्ली परत दिली. होलिसने ट्रक चालू केला आणि सरळ घर गाठलं. तिला तिच्या गाडीपाशी सोडलं, आणि ती दार लावते न लावते तोच निघून गेला.

पुढचे काही आठवडे तो घरात टिकलाच नाही. पदुकाला गेला, परत आला. कंबरलँड नदीवरच्या पुलापाशी ट्रक उभा करून बसला. एके दिवशी लेडबेटरला एका माणसाकडे एक जुनी लाकडी होडी बघून आला, आणि डॉइलला जाऊन म्हणाला, ते स्टेनचं राहू दे, मी होडी घेतो. डॉइलने त्याला कॉफी ओतून दिली आणि म्हणाला, स्टेनला दुसरं गिऱ्हाईक आहे, पण मी त्याला सोमवारपर्यंत थांबवलंय. तिथून होलिस धरणाच्या, बोटी वरखाली करणाऱ्या पाणकुलुपापाशी गेला. कोळशाचे बार्ज घेऊन एक बोट आत शिरत होती. डेकवरची पोरं दोर फेकत होती, खाली इंजिनाचा घुमारा येत होता. त्याचा हात पँटच्या खिशात हलत होता आणि त्या दिवशी त्याने तो थांबवायचा प्रयत्न केला नाही.

घरी येऊन त्याने अर्लीनला सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, फ्रिजचं दार धरून. अर्लीनने त्याच्या हातातलं दार लावलं, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "आणि मी समजत होते, माझ्याच संसाराला कंटाळून तळमळतोस."

ट्वायलाच्या ओळखीने लगेच वेळ मिळाली, आणि डॉक्टरने कंपवात म्हणून सांगितलं. सुरुवातीचा आहे, औषधं आहेत, व्यायाम करा. ट्वायला सोबत होती, तिने डॉक्टरला होलिसपेक्षा जास्त प्रश्न विचारले. बाहेर येऊन तिने वकिलाच्या कागदावर ट्रकच्या बॉनेटवरच सही केली, आणि सोमवारी होलिसने डॉइलचा व्यवहार पुरा केला.

पण बंदूक लगेच घरी येणार नव्हती. सरकारची मंजुरी येईपर्यंत ती डॉइलच्या तिजोरीतच राहायची, आणि मंजुरीला किती महिने लागतील हे डॉइलही सांगू शकत नव्हता. होलिससारख्या माणसाला ही शिक्षाच होती. तो दर आठवड्याला दुकानात जाऊन तिला भेटून यायचा. डॉइल तिजोरी उघडायचा, आणि दोघं खाणीत जाऊन थोडा वेळ बार काढायचे. कधीकधी होलिस वैतागून म्हणायचा, या वाटेवर जेवढं पेट्रोल जाळलं तेवढ्यात दुसरी आली असती. डॉइल म्हणायचा, मग दुसरीचीही वाट बघावी लागली असती.

मे महिन्यात एकदा ट्वायलाही आली. तिला मुळात बघायचं होतं ते वडिलांचं उभं राहणं. चाप दाबताना तो डाव्या पायावर फार भार देत होता. तिने त्याचे पाय आपल्या बुटाने हलकेच मारून नीट केले, जसं ती रोग्यांना करायची. मग तिने स्वतः एक मॅगझिन संपवलं. कानांवरची टोपणं काढून ती जरा विचारात पडल्यासारखी उभी राहिली.

"आजीच्या शिलाई मशीनसारखी चालते," ती म्हणाली. मग तिने ते आडवं मॅगझिन काढलं आणि स्वतःच पुन्हा भरायला बसली. अंगठा दुखेपर्यंत भरलं.

मंजुरी थंडी पडायच्या सुमाराला आली. होलिसने बंदूक घरी आणली, तळघरातल्या तिजोरीत ठेवली, आणि दोन आठवड्यांतच त्याच्या मनात आलं की एका माणसाकडे उझी बंदूक आहे, ती थोडी नव्या काळातली, चालायला थोडी गुळगुळीत. त्याने ट्वायलाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं, उझीचे गुण विचारले, भाग मिळतात का विचारलं, आणि मग नाही म्हणून सांगितलं. होलिसने फोन ठेवला. अर्लीनला वाटलं आता हा ट्रकची किल्ली शोधेल. पण तो तळघरात गेला आणि स्टेन उघडून तिला तेल देत बसला.

दोन उन्हाळे त्याने ती मनसोक्त चालवली. औषधांनी हात बराच आवरला, मग हळूहळू पाय अडखळायला लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच ठरवलं की आता आपण बार काढायचा नाही, आणि कुणी सांगायच्या आधी ठरवलं, याचा ट्वायलाला जास्त आनंद झाला. त्या वर्षभर तो तिला स्वयंपाकघराच्या टेबलावर बंदूक उघडायला शिकवत होता. तिचे हात चुकले की तो हातातलं हिसकावून घ्यायला जायचा, आणि ती म्हणायची, डॅडी, बस खाली.

डॉइलच्या यंदाच्या मेळ्यात ट्वायलाने स्टेन चालवली. होलिस मागे घडीच्या खुर्चीत बसला होता, कानांवर टोपणं, गुडघ्यांवर अर्लीनने टाकलेली शाल. तो जोरजोराने सूचना करत होता, डावा कोपर खाली, श्वास सोड, घाई नको. सगळ्यांच्याच कानांवर टोपणं होती, त्यामुळे कुणालाच ऐकू येत नव्हतं. तो खुर्चीचे हात धरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. मग अर्लीनला खूण करून म्हणाला, खुर्ची जरा पुढे घे, इथून नीट दिसत नाही.